अंबुबाईचा बाक

बंगलोरच्या आमच्या मराठी शाळेत अंबुबाईंचं पद नेमकं कोणतं, हे कुणालाच नीट सांगता येत नसे. हजेरीच्या वहीत 'आया' असं लिहिलेलं होतं, मुख्याध्यापक नरसिंह मास्तर 'शिपाई' म्हणायचे आणि पोरं 'अंबक्का' म्हणायची. १९५६ सालच्या जूनमध्ये मी दुसरीची बाई म्हणून तिथे रुजू झाले. पहिल्याच दिवशी मी जरा ऐटीतच म्हटलं, "अहो, खडूचा डबा आणून द्या." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आणते की, अक्का. आदी तुमी स्वल्प काय तरी खावा. तोंड बगा कसं झालंय."

मी सकाळी खरोखरच उपाशी निघाले होते. तरी मला राग आला. एक तर शिपाईण मला खायला सांगते, आणि तेही असल्या मराठीत. मी पुण्याची. माझे यजमान मधुकर सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते म्हणून आम्ही बसवनगुडीत भाड्याने राहत होतो, नाहीतर मी कशाला या पेठेत तडफडत आले असते, असा माझा तेव्हाचा थाट. इथली तीनशे वर्षांपूर्वी आलेली मराठी माणसं बोलतात ते मराठी नव्हेच, असं माझं ठाम मत होतं. 'थोडं'ला 'स्वल्प' काय, 'बरं'ला 'सरी' काय. पंधरा दिवसांत मी स्वतःच भाजीवाल्याला 'सरी' म्हणू लागले ते सोडा.

शाळा बळेपेठेत, शिंपी समाजाच्या देवळामागे होती. ओळीने तीन खोल्या, पलीकडे स्वयंपाकघर आणि त्याला लागून सरपणाची अंधारी खोली. पहिलीला अहल्याबाई, दुसरीला मी, तिसरी-चौथीला नरसिंह मास्तर. मुलं म्हणजे शिंप्यांची, रंगाऱ्यांची, जुन्या मराठा घराण्यांतली. घरी मराठी, गल्लीत कन्नड, आणि पोटात बहुतेकांच्या काहीच नाही.

ते पोटातलं ओळखण्याची अंबुबाईंची एक रीत होती. सकाळी त्या दारात उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायच्या. आम्हाला वाटे, लाड चाललेत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हात गार हाय म्हंजे पोर काय न खाता आलंय." मी हसले. मग आठ दिवस माझ्या वर्गातल्या पोरांना हळूच विचारून पाहिलं. त्यांचा अंदाज फारसा चुकत नव्हता.

गार हाताच्या पोरांना त्या पहिलीच्या वर्गात सगळ्यात पुढच्या ठेंगण्या बाकावर बसवायच्या. पाच पोरं मावतील एवढा बाक, अहल्याबाईंच्या टेबलाला जवळजवळ टेकलेला. स्वयंपाकघराचं दार याच वर्गात उघडत असे, त्यामुळे चुलीपाशी बसल्या बसल्या अंबुबाईंना तो बाक दिसे. शाळेला तेव्हा परदेशी दुधाची पावडर मिळायची. ती गरम पाण्यात कालवताना गुठळ्या व्हायच्या आणि पोरं नाकं मुरडायची. अंबुबाई त्यात गूळ घालून, घोटून घोटून ते पिण्याजोगं करत आणि पहिला पेला या बाकावर जाई. कुणी पेंगलं, कुणाला घेरी आली, की त्या हातातलं काम टाकून उठत. सगळी शाळा त्याला 'अंबुबाईचा बाक' म्हणायची. पोरांच्या आयांनाही त्या बाकाचा मोठा भरवसा वाटे.

आणि नुसत्या पोरांचंच नव्हे. सरपणाच्या खोलीत त्यांनी एक पाट मांडून ठेवलेला होता. तो कशासाठी, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. सासूबाईंचं पत्र आलं होतं, त्यात काय होतं ते इथे सांगत नाही, पण फळ्याकडे तोंड करून मी डोळे पुसत होते. अंबुबाई आल्या, पोरांना पाढे म्हणायला लावले आणि मला म्हणाल्या, "अक्का, जरा सरपनाच्या खोलीत या. गूळ काढून द्या." आत गूळ नव्हताच. पाट होता. मी बसले आणि पोटभर रडले. दाराबाहेर त्या सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणालेल्या मला ऐकू आल्या, "बाई गूळ काढतायत." पुढे मला कळलं की अहल्याबाईंनीही तिथे गूळ काढलेला होता, आणि एकदा खुद्द मास्तरांनीही. त्या दाराबाहेर अंबुबाई बसल्या की आत कुणी येत नसे. असं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

अहल्याबाई विधवा. तिशीच्या. घरी म्हातारी सासू, आणि दोघींचं पोट या नोकरीवर. शिकवायच्या मात्र अशा की मी माझा वर्ग सोडून दारात उभी राहायची. पोरांच्या पुढ्यात गुडघे टेकून बसायच्या, तोंडापाशी तोंड नेऊन अक्षर म्हणायच्या, गाणी म्हणायच्या. जे पोर जास्त मागे पडलेलं, त्याच्या जास्त जवळ. मागे पडलेली पोरं म्हणजे बहुतेक करून त्या पुढच्या बाकावरची.

१९५७ची दिवाळी झाली आणि अहल्याबाईंना खोकला लागला. डिसेंबर गेला, खोकला गेला नाही. त्या वाळत चालल्या. दुपारी गाल लाल दिसायचे. आमच्या पुण्याच्या घरात माझा धाकटा काका असाच खोकत खोकत गेला होता. माडीवरची त्याची खोली, दारावरचा पडदा, आम्हा पोरांना वर जायची बंदी, सगळं मला आठवत होतं. तेव्हा मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं.

पण ऑगस्टमध्ये अहल्याबाई आठ दिवस रजेवर होत्या तेव्हा पहिली आणि दुसरी दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात पडले होते. बासष्ट पोरं. माझ्या नाकी नऊ आले होते. त्या कायमच्या गेल्या तर दुसरी बाई कोण देणार होतं? बंगलोरात मराठी शिकवणारी बाई काय रस्त्यावर मिळते? शिवाय त्यांची नोकरी गेली तर त्या आणि त्यांची सासू खाणार काय, हाही विचार मी करत होते. तो विचार खरा होता, पण तो मी पुढे करत होते आणि त्याच्या आड माझा आळस उभा होता.

त्या संक्रांतीला अंबुबाईंनी आम्हा सगळ्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे तीळ, गूळ आणि खोबऱ्याचे तुकडे एकत्र करून पुड्या दिल्या. माझ्या हातात पुडी ठेवून त्या तिथेच थांबल्या. पलीकडे अहल्याबाई खोकत होत्या.

"विद्याक्का," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. हा खोकला कसला हो? बरा होतो का न्हाई?"

त्यांच्या मागे स्वयंपाकघरात खिळ्याला एक पितळी पेला टांगलेला मला दिसत होता. तो अहल्याबाईंचा. महिन्याभरापासून तो वेगळा टांगला जात होता. वेगळ्या राखेने घासला जात होता आणि वरून उकळतं पाणी. मी ते पाहिलं होतं आणि कानाडोळा केला होता.

"थंडीचा आहे," मी म्हटलं. "इथली हवाच तशी. होईल बरा."

"सरी," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

एवढंच. पुडीतले तीळ खात मी वर्गात गेले आणि बेरजा घातल्या.

त्या वर्षी बाकावर सोयरा नावाची एक मुलगी होती. विठोजी शिंप्याची एकुलती एक. सहा वर्षांची, पण चारची दिसायची. तिची आई तिला शाळेत घालायला तयारच नव्हती. पोर जरा वारं लागलं की पडतं, घरात राहिलेलीच बरी, असं तिचं म्हणणं. अंबुबाई जूनमध्ये चार वेळा त्यांच्या घरी गेल्या. शाळेचा पट कमी पडत होता हे खरं, पण त्या पटासाठी गेल्या नाहीत. दिवसभर शिलाई यंत्राच्या खडखडाटात कोपऱ्यात बसलेलं ते पोर त्यांना बघवत नव्हतं. चौथ्या खेपेला त्या विठोजींना म्हणाल्या, "अण्णा, मी तिला माझ्या डोळ्यासमोरून हलू देनार न्हाई. शपथ हाय." विठोजींनी लेकीला निळा फ्रॉक शिवला आणि पाठवली. अंबुबाईंनी शब्द पाळला. सोयराची जागा बाकाच्या मधोमध, अहल्याबाईंच्या अगदी समोर.

सोयराला ती जागा मानवली असंच सगळ्यांना वाटलं. चार महिन्यांत ती मुळाक्षरं लिहायला लागली. अहल्याबाई तिच्यासमोर बसून 'ख' म्हणत आणि ती त्यांच्या ओठांकडे बघत 'ख' म्हणे. मग दोघी हसत. अहल्याबाईंचं हसणं खोकल्यावर जाऊन संपायचं.

फेब्रुवारीत सोयरा बाकावर डोकं टेकून झोपायला लागली. मग चिडचिडी झाली. एके दिवशी दूध ओकली. अंबुबाईंनी हात धरून पाहिला तर या वेळी हात गरम होता. त्यांना वाटलं, उन्हाचं झालं असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला दोन पेले दूध पाजलं. तिसऱ्या दिवसापासून सोयरा आली नाही.

त्याच सुमारास लस टोचणारी सरकारी मंडळी शाळांशाळांतून फिरत होती. आमच्याकडेही आली. आधी हाताच्या कातडीखाली थोडंसं औषध टोचायचं आणि तीन दिवसांनी येऊन हात बघायचा. गाठ आली तर त्या पोराच्या अंगात क्षयाचे जंतू आधीच शिरलेले आहेत असं समजायचं आणि लस द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी एक तरुण कन्नड डॉक्टर रांगेने हात बघत चालला. माझ्या वर्गात एका पोराला गाठ निघाली. पहिलीत मात्र तो थबकला. त्याने चार पोरं बाजूला काढून उभी केली आणि नरसिंह मास्तरांना विचारलं, ही चौघं एका घरातली आहेत का?

"नाही," मास्तर म्हणाले. "चार घरची आहेत."

"मग यांचं काय एक आहे?"

एका पोराने पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाक रिकामा होता. डॉक्टर त्या बाकापाशी गेला, मग बाकासमोरच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि खुर्चीमागे पदर तोंडाशी धरून उभ्या असलेल्या अहल्याबाईंकडे पाहिलं. तो भला माणूस होता. त्याने त्यांना बाजूला बोलावून हळू आवाजात काय ते विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात अंबुबाई उभ्या होत्या. त्यांना कन्नड आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं, त्यांना सगळं ऐकू गेलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली.

अहल्याबाई दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. त्या सासूला घेऊन धारवाडकडे भावाच्या घरी गेल्या. क्षयाच्या सुया टोचणं सुरू झालं होतं म्हणे, पण भावजयीने तिथे राहू दिलं नाही, आणि सुया अर्ध्यावर राहिल्या. दीड वर्षाने मास्तरांना एक कार्ड आलं. ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं नाही, नुसतं टेबलावर ठेवलं.

सोयराचा ताप मेंदूत गेला होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती सरकारी इस्पितळात वारली. मी आणि अंबुबाई तिच्या घरी गेलो. विठोजी यंत्रापाशी बसले होते, यंत्र बंद होतं. आई आतून बाहेर आलीच नाही. विठोजींना बाकाचं सगळं कळलेलं होतं, पेठेत कळायचं काय राहतं. अंबुबाई उंबऱ्यावरच बसल्या. विठोजी दोन शब्द वाईट बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

"अक्का," ते म्हणाले, "तुमची चूक काय न्हाई. तुमी तिला डोळ्यासमोर ठेवतो म्हनला, ठेवली."

परत येताना अंबुबाई माझ्या पुढे चालत होत्या. माझ्या ओठांवर शब्द आला होता. मार्केटच्या वळणावर बस उभी होती. मी तिच्यात चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबुबाई दारात नव्हत्या. त्या चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. पोरं दारात रेंगाळली, हात पुढे करून उभी राहिली, मग आपापली आत गेली. त्यानंतर त्यांनी कुठल्याही पोराचा हात धरला नाही. पूर्वीसारखं पोरांच्या डोक्याला तेल लावत नसत, नखं कापत नसत. दूध घोटायच्या, पेले भरून टेबलावर ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. बाक त्यांनी स्वतः ओढत नेऊन मागच्या भिंतीला लावला. त्यावर कुणी बसत नसे. कुणी बसायला गेलं की त्या चुलीपाशी बसूनच ओरडायच्या, आणि त्या ओरडतात हे पोरांना नवीन होतं. त्या सालापासून शाळेत कोण उपाशी आलंय हे कुणालाच कळेनासं झालं. मी एकदोनदा दारात उभी राहून हात धरून पाहिले. मला सगळे हात सारखेच लागले.

एकदा नवी बाई आली. सुलभा नाव. कोवळी पोरगी. वर्गात रडवेली झालेली पाहून मीच तिला सरपणाच्या खोलीत नेलं. आत पाट नव्हता. अंबुबाईंनी तो चुलीत घातला होता.

शाळा आणखी आठ वर्षं रखडली. ती बंद पडली याला बाक कारण नाही. लोकांनी पोरं कन्नड शाळेत घातली, ज्यांना परवडलं त्यांनी कॉन्व्हेंटमध्ये. जुन्या घरांतल्या आया म्हणू लागल्या, मराठी घरी बोलतोच की. आमचं जयनगरात स्वतःचं घर झालं. मी तिथून बस पकडून बळेपेठेत येत राहिले. का येत राहिले ते मलाच ठाऊक. १९६६च्या एप्रिलमध्ये पटावर सात नावं होती आणि मास्तरांनी कुलूप आणवलं.

शेवटच्या दिवशी मी आणि अंबुबाई दोघीच सामान आवरत होतो. त्या पार वाकल्या होत्या. खिळ्याला तो पितळी पेला तसाच टांगलेला होता, त्याच्यावर हिरवट डाग चढले होते. मला वाटलं, आज बोलले नाही तर पुन्हा व्हायचं नाही.

"अंबुबाई," मी म्हटलं, "त्या संक्रांतीला तुम्ही मला विचारलं होतं. खोकला कसला म्हणून. मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं. त्या गेल्या असत्या तर दोन्ही वर्ग माझ्यावर आले असते, म्हणून."

त्या पेले एकात एक घालत होत्या. हात थांबले नाहीत.

"मालूम होतं मला," त्या म्हणाल्या. "आमचे मालक तसल्याच खोकल्यानं गेले, अक्का. तीन वर्सं ऐकलाय तो खोकला मी."

मला क्षणभर हलकं वाटलं, हे मी लपवत नाही. "मग मला कशाला विचारलंत?"

"मालकांच्या वेळी पेला वेगळा करा म्हनलेले सगळे. तेवडंच ठाऊक मला. म्हनून अहल्याक्कांचा पेला वेगळा केला." त्यांनी टोपली जवळ ओढली. "अजून काय काय वेगळं करायचं असतंय, ते विचारायचं होतं. त्यांना घालवा म्हनून न्हवं. त्यांना कोन घालवत होतं? तुमी थंडीचा म्हनलात. मग फुडं काय विचारू? बाक तिथंच ऱ्हायला."

माडीवरची काकाची खोली, दारावरचा पडदा, जवळ जायची बंदी. मला ते सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. बाक चार हात मागे घ्या, खिडकी उघडी ठेवा, त्यांना पोरांच्या तोंडाशी बसू देऊ नका. एवढं बोलायला मला दोन मिनिटं लागली असती. नोकरी कुणाचीच गेली नसती. माझ्यावर एकही वर्ग आला नसता.

"बाकाला हात लावा," त्या म्हणाल्या. "एकटीनं उचलत न्हाई आता."

मी दुसरी बाजू धरली. आम्ही तो सरपणाच्या खोलीत नेऊन ठेवला. तिथे मला उभं राहवेना. मी त्या बाकावरच बसले आणि रडायला लागले. रडता रडता मी कान देऊन होते, दाराबाहेर सूप ठेवल्याचा आवाज येतो का म्हणून. अंबुबाई पेल्यांची टोपली उचलून अंगणातून चालत गेल्या आणि फाटकाची कडी लावल्याचं मला ऐकू आलं.